अंतराळातली रोपपेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या पेटीत चवळी रुजली. तेव्हापासून या विषयावर विद्यार्थी, शिक्षक, शेतकरी आणि नुसतेच कुतूहल असणारे लोक साधारण तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरी गंमत तिथेच आहे.

मोड तर घरी फडक्यात बांधूनही येतात. त्यासाठी एवढं यंत्र कशाला?

रास्त प्रश्न. बी स्वतःची शिदोरी सोबत घेऊनच येतं, त्यामुळे मोड येणं हा प्रवासातला सोपा टप्पा आहे. पण फडक्यात मूग बांधताना आपल्याकडून चार गोष्टी नकळत होतात. जास्तीचं पाणी निथळून जातं, गरम हवा वर सरकून ताजी हवा आत येते, पुरचुंडी आपण उबेला ठेवतो आणि मध्येच उघडून बघतो, कोरडी वाटली तर पाण्याचा हबका मारतो. अंतराळात यातल्या पहिल्या दोन गोष्टी होतच नाहीत, कारण त्या गुरुत्वाकर्षणाच्या जिवावर चालतात. उरलेल्या दोन करायला तिथे बहुतेक वेळा कुणी नसतं. या चारही गोष्टी पंखा, झडप, हीटर, सेन्सर आणि कॅमेऱ्याकडून करून घ्यायच्या, शिवाय प्रत्येक क्षणाची नोंद ठेवायची, यासाठी ही पेटी.

इस्रोच्या पेटीत नेमकं काय झालं?

३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० उडालं. मुख्य काम होतं स्पेडेक्सचे, म्हणजे अंतराळात एकमेकांना जोडून बघायचे, दोन उपग्रह सोडण्याचं. ते झाल्यावर रॉकेटचा चौथा टप्पा एरवी कचरा म्हणून फिरत राहतो. इस्रो त्याला सौर पॅनेल, बॅटरी आणि नियंत्रण यंत्रणा जोडून त्याचीच फिरती प्रयोगशाळा करते. तिचं नाव पोएम. या खेपेच्या पोएम-४ वर २४ उपकरणं होती आणि त्यातलं एक म्हणजे तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने बनवलेलं ‘क्रॉप्स’.

क्रॉप्स ही तापमान स्वतः सांभाळणारी बंद पेटी. आत चवळीच्या आठ बिया. कॅमेरा फोटो काढत होता. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, आर्द्रता, तापमान आणि मातीतला ओलावा यांच्या नोंदी जमिनीवर येत होत्या. साधारण ३५० किलोमीटर उंचीवर, चार दिवसांत बिया रुजल्या आणि ६ जानेवारीपर्यंत पानं दिसू लागली.

प्रयोग मुळातच पाच ते सात दिवसांचा आखलेला होता आणि दोन पानांपर्यंत पोचणं हेच उद्दिष्ट होतं. त्यामुळे ‘पुढे शेंगा का नाही लागल्या’ असं विचारणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पोएम-४ स्वतः ४ एप्रिल २०२५ रोजी वातावरणात शिरून नष्ट झालं.

चवळीच का?

लवकर रुजते, काटक आहे आणि बी मोठं असल्यामुळे कॅमेऱ्याला नीट दिसते. आठवडाभराच्या प्रयोगात भात पेरून वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता.

या मोहिमेत महाराष्ट्रातलं काही होतं का?

होतं, आणि त्याची चर्चा चवळीच्या गडबडीत मागे पडली. पनवेलजवळच्या अ‍ॅमिटी युनिव्हर्सिटी मुंबईचं ‘एपीईएमएस’ हे उपकरण त्याच पोएम-४ वर होतं. त्यात बी नव्हतंच. पालकाचा कॅलस होता, म्हणजे अजून मूळ-खोड-पान असं काहीच न ठरलेल्या पेशींचा गोळा. रोपाला वर-खाली कळण्यासाठी खास पेशी लागतात. नुसत्या पेशींच्या गोळ्यावर वजनरहित अवस्थेचा काय परिणाम होतो, हा वेगळा आणि माझ्या मते जास्त अवघड प्रश्न आहे. त्याच वेळी तसंच एक उपकरण जमिनीवर चालू होतं. ते कशासाठी, हे पुढे येईल.

बी प्रक्षेपणाआधीच रुजलं तर?

तर प्रयोग संपला. उड्डाण पुढे ढकललं जाणं ही नित्याची गोष्ट आहे, आणि पेटी एकदा रॉकेटमध्ये बसवली की तिला हात लावता येत नाही. म्हणून बी कोरडं ठेवायचं आणि पाणी वेगळ्या टाकीत. क्रॉप्समध्ये खत मिसळलेली सच्छिद्र माती होती. कक्षेत पोचल्यावर जमिनीवरून आज्ञा गेली, विजेवर चालणारी झडप उघडली आणि पाणी मातीत उतरलं. २००६ मध्ये अंतराळ स्थानकावर गेलेल्या युरोपीय ‘ईएमसीएस’ या यंत्रातही बारीक बिया कोरड्या पडद्यावर चिकटवून पाठवत आणि वर गेल्यावर भिजवत.

प्रयोगाचा ‘पहिला दिवस’ कुठला, हे पाण्याचा पहिला थेंब ठरवतो. यंत्र बनवणारे सगळ्यात जास्त चाचण्या त्या एका झडपेच्या घेतात, त्यात नवल नाही.

अंतराळात पाणी घालणं एवढं अवघड का?

या सगळ्या प्रकरणातला खरा खलनायक पाणीच आहे. वजन नसलं की पाणी खाली जात नाही. जिथे चिकटेल तिथे चिकटून बसतं. मातीच्या कणाकणाभोवती पातळ थर धरतं, मुळांना गुंडाळून घेतं आणि कणांमधल्या पोकळ्या भरून टाकतं. मुळांना श्वास घ्यायला हवा हवी असते. ती जागा पाण्याने घेतली की रोप पाण्यात असून गुदमरतं. आपल्याकडे काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचून कापूस कोमेजतो, तेव्हा मुळांची अशीच कोंडी झालेली असते. फरक इतकाच, की तिथे चर खणून पाणी काढून देता येतं.

उपाय बरेच करून झाले. मीर या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर १९९० मध्ये गेलेल्या बल्गेरियन-सोव्हिएत ‘स्वेत’ या हरितगृहात बल्गेरियातल्या झिओलाइट खनिजाचे दाणे वापरले होते. दाणा किती मोठा यावर सगळं अवलंबून असतं. बारीक दाणा पाणी घट्ट धरून ठेवतो आणि हवा कोंडतो. जाड दाण्यात पाणी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचतच नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या नासाच्या ‘व्हेजी’ या रोपपेटीत भाजलेल्या मातीचे दाणे आणि हळूहळू विरघळणारं खत भरलेल्या उशा असतात. बी वातीत खोचलेलं असतं, वात पाणी ओढते आणि उशीत पाणी भरायचं काम अंतराळवीराच्या हाती. ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लांट हॅबिटॅट’ या नासाच्याच दुसऱ्या पेटीत मात्र सच्छिद्र नळ्यांतून पाणी झिरपतं आणि ओलाव्याचे सेन्सर बघून यंत्रच ठरवतं, की आता किती सोडायचं.

२०२२ मध्ये ‘एक्सरूट्स’ प्रयोगात तर मातीच काढून टाकली. मुळं उघडी ठेवून त्यांच्यावर पोषणद्रव्यांचं पाणी फवारायचं किंवा ते मुळांजवळून वाहवायचं. कागदावर सुटसुटीत, पण तिथे ते पाणी मुळांवरून परत गोळा करणं हीच कसरत.

आणि हवा?

इथे मीरवरच्या गव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. १९९६ मध्ये स्वेतमध्ये बुटका गहू पेरला. रोपं वाढली, ओंब्या धरल्या, सगळे खूश. ओंब्या पृथ्वीवर आणून उघडल्या तर आत दाणाच नाही. सगळ्या पोचट.

आधी संशय अर्थातच वजनरहित अवस्थेवर गेला. पण दोषी निघाला इथिलीन वायू. जळगावच्या केळीवाल्याला हा वायू नव्याने सांगायला नको, पिकवणीच्या खोलीत तोच सोडतात. मीरच्या बंद हवेत तो साठत गेला होता आणि त्याने परागकण निकामी केले होते. जमिनीवर तेवढंच इथिलीन सोडून गहू वाढवला, तर त्याच्याही ओंब्या पोचट निघाल्या. पुढे १९९८-९९ मध्ये ‘अपोजी’ नावाचा दुसरा वाण पेरला आणि त्याला दाणे भरले.

म्हणजे दोष हवेचा होता आणि नाव गुरुत्वाकर्षणाचं घेतलं जात होतं. आजच्या यंत्रात इथिलीन शोषून घेणारी सोय असते, ती या अनुभवामुळे. पंखाही चैनीसाठी नसतो. वाऱ्याशिवाय पानाभोवतीची हवा तिथल्या तिथे साचून राहते, पानाने सोडलेली वाफ हटत नाही आणि कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. स्थानकाच्या हवेत माणसांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो. म्हणून तोही मोजून आटोक्यात ठेवावा लागतो, नाहीतर जमिनीवरच्या रोपाशी तुलनाच होणार नाही.

खिडकीत ठेवून ऊन का देत नाहीत?

स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. दिवसात सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त. रोपाने झोपायचं कधी? म्हणून एलईडी. पान मुख्यतः लाल आणि निळा उजेड वापरतं, त्यामुळे फोटोत या पेट्या गुलाबी-जांभळ्या दिसतात. हिरवे दिवे टाकतात ते बऱ्याच अंशी माणसासाठी. नुसत्या जांभळ्या उजेडात पान काळपट दिसतं आणि ते निरोगी आहे की रोगट, हे कळत नाही.

जमीनच नाही, तर मूळ खाली आणि खोड वर हे रोपाला कसं कळतं?

मुळाच्या टोकाशी काही पेशींत स्टार्चचे जड कण असतात. पृथ्वीवर ते तळाशी बसतात आणि मुळाला दिशा कळते. वर ते तरंगत राहतात. मग खोड उजेडाकडे वळतं आणि मूळ ओलाव्याकडे, जमेल तसं. या गोंधळातच विज्ञान आहे. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षणाच्या धाकाने दबलेल्या बारीक सवयी तिथे उघड होतात. ईएमसीएसमध्ये दोन फिरत्या चकत्या होत्या. त्यांच्यावर रोपं फिरवून हवं तितकं कृत्रिम वजन देता यायचं. त्यातल्या ‘ट्रोपी’ प्रयोगात दिसलं, की फुलझाडांची रोपंही लाल उजेडाकडे वळतात. जमिनीवर हे लक्षातही येत नव्हतं.

पूर्ण स्वयंचलित म्हणजे अंतराळवीराला काहीच काम नसतं?

अ‍ॅडव्हान्स्ड प्लांट हॅबिटॅट या बाबतीत सगळ्यात पुढचं. २०१७ मध्ये ते स्थानकाच्या किबो या जपानी विभागात बसवलं. त्यात १८० हून जास्त सेन्सर आहेत. पाणी, उजेड, तापमान, आर्द्रता, वायू, सगळं फ्लोरिडातल्या केनेडी केंद्रातून बघता आणि बदलता येतं. तरी २०२१ मध्ये त्यात मिरची लावली तेव्हा माणसाचा हात लागलाच. विरळणी केली, आणि परागीभवनासाठी पंख्याच्या झोतासोबत हातानेही मदत केली. बिया होत्या ४८. जुलैत सुरू झालेला प्रयोग नोव्हेंबरच्या अखेरीस संपला, १३७ दिवसांनी. पीक २६ मिरच्यांचं. पहिल्या तोडणीतल्या मिरच्या अंतराळवीरांनी टाकोमध्ये घालून खाल्ल्या.

व्हेजी याच्या अगदी उलट. दिवे आणि पंखा सोडला तर बाकी सगळं हातानेच. डिसेंबर २०१५ मध्ये त्यात झिनियाची रोपं होती. पानांच्या कडांवर पाणी साचू लागलं, पानं वळली, मग बुरशी आली. पाणी द्यायचं वेळापत्रक जमिनीवरून ठरत होतं. स्थानकावरचे अंतराळवीर स्कॉट केली यांनी म्हटलं, की रोपाकडे बघून पाणी कधी द्यायचं ते मला ठरवू द्या. केनेडीच्या लोकांनी त्यांना एका पानाची सूचनापत्रिका पाठवली आणि मोकळीक दिली. जानेवारी २०१६ मध्ये फुलं आली.

या गोष्टीवरून ‘यंत्रापेक्षा माणूस बरा’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला तो पटत नाही. तिथे हरलं ते वेळापत्रक, रोपाची अवस्था न बघता आखलेलं. ज्या यंत्राला सेन्सर आहेत आणि जे त्यांचं ऐकतं, ते केलींनी जे केलं तेच करतं, आणि रात्रीही करतं.

यंत्र बिघडलं तर?

तर बहुतेक वेळा काहीच करता येत नाही. जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये ‘यू-क्रोपिस’ उपग्रह सोडला. तो स्वतःभोवती फिरून आधी चंद्राइतकं आणि मग मंगळाइतकं वजन निर्माण करणार होता, आणि आतल्या दोन हरितगृहांत टोमॅटो वाढणार होते. उपग्रह व्यवस्थित चालला, पण सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे हरितगृहं सुरूच झाली नाहीत. महिनोन्‌महिने प्रयत्न करूनही नाही. टोमॅटोचं बी भिजलंच नाही.

चीनच्या चांग-ई ४ यानाची कथा वेगळी. जानेवारी २०१९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरल्यावर जेमतेम तीन किलोच्या डब्यात पाणी सोडलं आणि कापसाचं बी रुजलं. चंद्रावर उगवलेलं पहिलं पान ते. मग चंद्रावरची रात्र आली, जी आपल्या दोन आठवड्यांची असते. डब्याला ऊब द्यायला वीज नव्हती. रोप गोठून गेलं. हे अपयश म्हणावं का, यावर वाद घालता येईल. डबा मुळात तेवढ्याच दिवसांसाठी होता.

जमिनीवर तसंच दुसरं यंत्र चालवायचा खर्च कशाला?

मीरच्या पोचट ओंब्या आठवा. वर काही वेगळं घडलं, तर ते वजन नसल्यामुळे घडलं की आर्द्रता वाढल्यामुळे, हे कसं ठरवणार? म्हणून तीच पेटी, तेच बी, तीच माती जमिनीवर. केनेडी केंद्रात त्यासाठी खास कक्ष आहेत. स्थानकावरचं तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड यांचे आकडे खाली येतात आणि एक-दोन दिवसांच्या अंतराने तेच हवामान या कक्षात हुबेहूब उभं केलं जातं. वर अचानक दोन अंश वाढले, तर खालीही दोन अंश वाढवायचे. हा जोडीदार नसेल तर वरच्या रोपाचा फोटो छान दिसतो, पण त्यावर शोधनिबंध लिहिता येत नाही.

रोप परत कसं आणतात?

स्थानकावरून आणता येतं. पेशींत त्या क्षणी काय चाललं होतं ते टिकवायला रोप रसायनात बुडवतात किंवा उणे ८० अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवतात. चीनने आपल्या स्थानकावर २०२२ मध्ये भाताचं बी ते बी असं चक्र १२० दिवसांत पूर्ण केलं आणि नमुने डिसेंबरमध्ये परत आणले. पोएमवरून मात्र काहीच परत येत नाही. जे काही हाती लागतं ते फोटो आणि आकडे. म्हणूनच तिथे कॅमेरा आणि सेन्सर दगा देऊन चालत नाहीत.

शुभांशु शुक्ला यांनी मेथी-मूग उगवले, तेही अशाच यंत्रात का?

नाही. जून-जुलै २०२५ च्या अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेत त्यांनी ते साध्या पेट्री डिशमध्ये रुजवले आणि नंतर फ्रीजरमध्ये ठेवले. प्रयोग धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटी धारवाडचा. हाताशी माणूस असला की साधनं साधी ठेवता येतात. चवळीजवळ माणूस नव्हता.

यातून इथल्या शेतकऱ्याला काय मिळतं?

थेट बियाणं वगैरे काही नाही. तसं कुणी सांगत असेल तर सावध राहा. यंत्रातले भाग मात्र खाली उतरले आहेत. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये अंतराळातल्या रोपांसाठी इथिलीन नष्ट करणारं यंत्र तयार झालं. त्याच तत्त्वावरची उपकरणं पुढे फळं-फुलं साठवण्याच्या जागी वापरात आली.

शाळा-कॉलेजात यातलं काही करून बघता येईल का?

येईल, आणि जरूर करावं. क्लिनोस्टॅट, म्हणजे रोप सतत हळूहळू फिरवत ठेवणारं साधन, बनवा. मिनिटाला एक-दोन फेरे घेणारी गिअर मोटर घ्या, तिचा दांडा आडवा ठेवा आणि त्यावर पेट्री डिश उभी बसवा. डिशमध्ये पाण्यात उकळून थिजवलेलं चायना ग्रास आणि त्यावर नुकते मोड आलेले पाच-सहा मूग. डिश काळ्या कागदात गुंडाळा, म्हणजे उजेडाची भानगड नको. वर-खाली सतत बदलत राहिल्यामुळे मुळाला दिशा ठरवता येत नाही आणि ते भरकटतं.

एकाच डिशवर थांबू नका. दुसरी डिश तशीच उभी, पण न फिरवता ठेवा. तिसरी उभ्या दांड्यावर तितक्याच वेगाने फिरवा, म्हणजे फिरण्याच्या धक्क्यांचा परिणाम वेगळा कळेल. रोज ठरलेल्या वेळी तिन्हींचे फोटो काढा आणि मुळांचे कोन मोजा. एक मर्यादा ध्यानात असू द्या: क्लिनोस्टॅट गुरुत्वाकर्षण घालवत नाही, फक्त त्याची दिशा फिरती ठेवतो. पाणी निथळणं आणि हवा वर सरकणं चालूच राहतं, त्यामुळे वर सांगितलेले पाण्याचे हाल यात दिसणार नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिन्ही डिशना सारखीच बुरशी लागली, तर मोटरीला बोल लावू नका. मूग भिजवण्याआधी पातळ ब्लीचच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून, नंतर स्वच्छ पाण्याने चार वेळा धुऊन पुन्हा सुरुवात करा.